चर्चच्या बातमीपत्रात न छापलेलं

दर गुरुवारी दुपारी मी चर्चचं बातमीपत्र सगळ्यांना ईमेल करते. रविवारची उपासना किती वाजता, बायबलवाचन कुणाकडे, फुलं कोण आणणार, कुठला हॉल कुणाला मिळाला, गाड्या कुठे लावायच्या नाहीत. म्हणजे काय होणार आहे ते सगळं त्यात असतं. प्रत्यक्षात जे होतं ते भलतंच असतं आणि ते कुणी छापत नाही. सहा वर्षं झाली, ते माझ्याकडेच साठत चाललंय. अबू धाबीतल्या मैत्रिणी भेटल्या की चहा यायच्या आधीच विचारतात, "काय गं अनघा, तुझ्या चर्चमध्ये नवीन काय?"

मी दामले. घरात दीड दिवसाचा गणपती बसतो, चतुर्थीचा उपास असतो, आणि नोकरी अँग्लिकन चर्चच्या ऑफिसात. ती कशी लागली तिथूनच सुरू करते.

*

आम्ही अल रीम आयलंडला राहायला आलो, मुलगी ईशा दिवसभर शाळेत जायला लागली आणि मला घर खायला उठलं. तेव्हा एक जाहिरात दिसली, 'पॅरिश अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हवी, अर्धा दिवस'. पॅरिश म्हणजे चर्चची मंडळी हे कुठे माहीत होतं, मला वाटलं, मालकाचं आडनाव असेल.

मुलाखतीला गेले तर समोर फादर गॅरेथ. वेल्सचे, सहा फूट उंच, गळ्याला पांढरी पट्टी आणि पायात रबरी चपला. मी आधीच सांगून टाकलं, "फादर, मी हिंदू आहे. मला चर्चमधलं काही कळत नाही."

"मग कशातलं कळतं?"

"पुण्याला आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीची मी आठ वर्षं सेक्रेटरी होते."

फादरांनी पेन खाली ठेवलं. "समितीत भांडणं व्हायची?"

"दर मीटिंगला."

"कशावरून?"

"मांडव कुठे घालायचा, प्रसाद कुणी करायचा, स्पीकरचा आवाज किती."

फादर म्हणाले, "सोमवारपासून येऊ शकाल?"

घरी आल्यावर पुण्याला सासूबाईंना फोन लावला. नोकरी लागली एवढंच मी सांगितलं आणि पुढचं बोलायला धीर होईना, म्हणून फोन नवऱ्याकडे, मिलिंदकडे दिला. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "कंपनी जुनी आहे ना रे? नाहीतर तिकडे आज उघडतात, उद्या बंद."

मिलिंद शांतपणे म्हणाला, "आई, दोन हजार वर्षं झाली. अजून बंद पडली नाही."

*

बातमीपत्रात दर आठवड्याला आजारी लोकांची यादी असते. रविवारी ती नावं उपासनेत मोठ्याने वाचतात आणि सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात माझ्या हातून घोळ झाला. एका जागचं उचलून दुसऱ्या जागी चिकटवताना आजाऱ्यांच्या मथळ्याखाली चर्चच्या व्यवस्थापन समितीची यादी गेली. नऊच्या नऊ नावं.

त्या काळात समितीत एसीवरून जोरात भांडण चाललं होतं. नवीन एसी घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा. दोन तट पडले होते, काही जण एकमेकांशी बोलतही नव्हते.

रविवारी नऊ नावं वाचली गेली. दीडशे माणसांनी मान खाली घालून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. समितीतले लोक उपासनेत बसून आपापलं नाव ऐकत होते. मध्येच उठून 'मी बरा आहे' असं सांगायची तिथे पद्धत नाही.

दुपारपासून फोन सुरू झाले. समितीच्या अध्यक्षा मिसेस पर्किन्स, इंग्लंडच्या, सत्तरीच्या, आता इथे मुलाकडे राहतात. त्यांच्याकडे तीन मल्याळी घरांतून कांजी, म्हणजे आजाऱ्याला देतात ती तांदळाची पेज गेली. खजिनदारांच्या दारात कुणीतरी सूपचं पातेलं ठेवून बेल वाजवून निघून गेलं. एसी दुरुस्तच करायचा म्हणणाऱ्या एका गृहस्थांना नवीन एसीवाल्यांच्या गटातल्या बाईंनी फोन करून विचारलं, "आधी का नाही सांगितलं? मी उगीच तुम्हाला टाकून बोलले."

सोमवारी समितीची मीटिंग होती. मी मान खाली घालून मिनिट्स लिहायला बसले. पाऊण तासात एसीचा प्रश्न मिटला. सगळे एकमेकांना 'आधी तुम्ही बोला' म्हणत होते.

मीटिंगनंतर मी फादरांकडे गेले. म्हटलं, "सॉरी. पुढच्या वेळी चूक होणार नाही."

फादर म्हणाले, "एप्रिलमध्ये पार्किंगचा विषय आहे. तेव्हा परत कर."

*

आमच्या आवारात एक चर्च आणि चार हॉल आहेत, आणि त्यात पंधरा भाषांची मंडळी उपासनेला येतात. मल्याळी, तमिळ, तेलुगू, उर्दू, फिलिपिनो, नायजेरियन, महिन्यातून एकदा मराठी. हॉल वाटून देणं हे माझं खरं काम. ईशा लहान असताना तिला कुणीतरी विचारलं, "तुझी आई चर्चमध्ये काय करते?" ती म्हणाली, "शी टेल्स पीपल नो."

तर ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, ज्याला लेंट म्हणतात, मिसेस पर्किन्सनी मौनाची सकाळ ठरवली. बारा बायका, तीन तास, एक शब्द नाही. मी त्यांना दोन नंबरचा हॉल दिला. आणि तीन नंबरचा हॉल नायजेरियन मंडळींना आधीच दिलेला होता हे विसरले. त्यांच्याकडे एका जोडप्याला चौदा वर्षांनी मूल झालं होतं, त्याच्या आभाराची उपासना. पाच ढोल, एक ट्रम्पेट.

दहा वाजता ढोल सुरू झाले. आमचा वर्गीस धावत ऑफिसात आला. वर्गीस कोट्टयमचा, बावीस वर्षं आवाराची सगळी देखभाल त्याच्याकडे. माझ्याशी हिंदीत बोलतो. म्हणाला, "मॅडम, दो नंबर का दीवार हिल रहा है।"

मी धास्तावून दोन नंबरमध्ये गेले. आत अकरा बायका डोळे मिटून बसलेल्या. मिसेस पर्किन्स नाहीत. मला वाटलं, चिडून घरी गेल्या. माफी मागायला फोन लावला, उचलला नाही.

तीन नंबरच्या दारातून डोकावले तर समोर मिसेस पर्किन्स. एका धिप्पाड नायजेरियन आजींचा हात धरून, कुणाचा तरी निळा फेटा डोक्याला बांधून, ओळीत नाचत होत्या. बाळ त्यांच्या दुसऱ्या हातात.

बारा वाजता घामाघूम होऊन त्या ऑफिसात पाणी प्यायला आल्या. मी काही विचारायच्या आत फेटा काढत म्हणाल्या, "मी एक शब्द बोललेली नाही."

*

फादरांना परदेशातून ईमेलवर वेगवेगळी मार्गदर्शक पत्रकं येतात. सण कसा साजरा करावा, मुलांना कसं गुंतवावं, प्रवचनाला कुठले मुद्दे घ्यावेत. लिहिणारी माणसं हिरव्यागार गावात बसलेली असतात. एकदा सुगीच्या सणाचं पत्रक आलं. 'चर्च गव्हाच्या पेंढ्यांनी सजवा. मुलांना बाहेर पाठवून झाडाखालची गळलेली पानं गोळा करायला सांगा. प्रत्येकाने आपल्या मळ्यातलं पहिलं पीक वेदीपाशी आणावं.'

मी ते वर्गीसला वाचून दाखवलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री. तो म्हणाला, "पत्ता नीचे गिरता है तो म्युनिसिपालिटी उठाता है, मॅडम। फाइन लगेगा।"

तरी फादर म्हणाले, करून बघू. बातमीपत्रात टाकलं, 'आपापलं पीक आणा.'

रविवारी लोकांनी सुपरमार्केटमधून आणलेले डबे, तांदळाच्या पिशव्या, नूडल्सची पाकिटं रांगेत मांडली. वर्गीसने स्वतःच्या बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता आणला, केळीच्या पानात गुंडाळून. अल ऐनहून रूथमावशी आल्या. त्या तिथल्या हॉस्पिटलात सिस्टर आहेत, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, आणि मराठी मंडळीचा सगळा भार त्यांच्यावर. त्यांनी क्वार्टर्ससमोरच्या झाडाचा खजूर आणला. फादर खूश झाले, निदान दोन गोष्टी तरी जमिनीतून आलेल्या होत्या.

शेवटी एक तमिळ गृहस्थ पुढे आले. चाळिशीचे, कधी फारसं न बोलणारे. त्यांनी वेदीपाशी काचेची एक बाटली ठेवली. आत साधं पाणी.

उपासना संपल्यावर फादरांनी त्यांना विचारलं, "हे काय?"

"माझं पीक," ते म्हणाले. "समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर मी काम करतो. अठरा वर्षं झाली. तुम्ही सगळे पिताय ते."

फादरांनी ती बाटली उचलून वेदीच्या मधोमध ठेवली. पुढच्या वर्षी ते पत्रक आलं तेव्हा त्यांनी उघडलंच नाही. मला म्हणाले, "त्या पाणीवाल्यांना बोलव, तेवढं पुरे."

*

ख्रिसमसला मुलांचं नाटक असतं. येशूचा जन्म, गाईचा गोठा, मेंढपाळ, उंटावरून आलेले तीन राजे. एका वर्षी वर्गीसच्या डोक्यात आलं, देश उंटांचा आहे आणि आपण पुठ्ठ्याचा उंट करतो हे बरं दिसत नाही. त्याने ओळखीतून अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका फार्मवाल्याला विचारलं. फार्मवाला म्हणाला, "इन्शाल्ला."

मी वर्गीसला म्हटलं, "इन्शाल्ला म्हणजे येणार की नाही येणार?"

वर्गीस म्हणाला, "मॅडम, वो तो ऊंट को मालूम।"

उंट आला. पिकअपमध्ये बसून, अगदी वेळेवर. सोबत त्याला सांभाळणारा एक सुदानी म्हातारा, पांढरा झगा, पांढरा फेटा. नाटक आवारात उघड्यावर होतं. आमची ईशा त्या वर्षी मेंढी होती. मी हौसेने विचारलं होतं, "वाक्यं पाठ झाली का?" तर म्हणाली, "ममा, आय हॅव नो लाइन्स. आय जस्ट से बा."

राजांची वेळ झाली. दहा-बारा वर्षांचे तीन राजे दोरी धरून निघाले. उंट हलेना. राजे ओढतायत, उंट आकाशाकडे बघतोय. दोन मिनिटं अशीच गेली. मग तो सुदानी म्हातारा कंटाळून पुढे आला, राजांच्या हातातली दोरी घेतली, हळूच "यल्ला, हबीबी", म्हणजे चल रे राजा, म्हणाला आणि उंट त्याच्यामागून चालू लागला. थेट गोठ्यापर्यंत. तिथे पाळण्यात त्या नायजेरियन जोडप्याचं बाळ ठेवलेलं होतं, खरंखुरं. म्हाताऱ्याने बाळाकडे पाहिलं, खाली वाकला, खिशातून एक खजूर काढला, बाळाच्या पायाशी ठेवला, आणि उंट घेऊन परत गेला. तिन्ही राजे आपापल्या सोनेरी पेट्या घेऊन मागेच राहिले.

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारी बसलेल्या मिसेस पर्किन्स पुढे वाकून फादरांना म्हणाल्या, "ते पांढऱ्या फेट्याचे गृहस्थ फार चांगलं काम करतात. पुढच्या वर्षी त्यांना वाक्यं द्या."

*

रूथमावशींचं एक सांगायलाच हवं. होळी बहुतेक वेळा लेंटमध्येच येते. मावशी त्या चाळीस दिवसांत गोडाला हात लावत नाहीत. तरी दर होळीला अल ऐनहून दीड तास गाडी चालवून माझ्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा आणतात, कारण मला पुरण जमत नाही हे त्यांना एकदा कळलं.

एका वर्षी फादर त्याच वेळी ऑफिसात आले. डब्यात डोकावले. मावशींना म्हणाले, "सिस्टर रूथ, लेंटमध्ये?"

मावशी इंग्रजीत ठामपणे म्हणाल्या, "मी खात नाही, फादर. मी फक्त मोहात पाडते."

फादर दोन पोळ्या घेऊन गेले.

*

आता अल ऐनचं सांगते.

गेल्या वर्षी जूनमध्ये मावशी सुट्टीवर गावी गेल्या होत्या आणि तिथून त्यांचा फोन आला. त्यांच्या हॉस्पिटलात साळवे म्हणून एक गृहस्थ दाखल होते. श्रीरामपूरकडचे, साठीला आलेले, एका मेसमध्ये स्वयंपाकी. आमच्या मराठी मंडळीत कधीतरी यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. पाच दिवस झाले होते. इथे नात्याचं कुणी नाही. पस्तीस वर्षं हिंदीत आणि अरबीत बोललेला माणूस, पण आता दोन्ही भाषांना डोळासुद्धा उघडत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, जवळच्यांना बोलवायचं तर बोलवून घ्या.

मावशी म्हणाल्या, "अनघा, फादरांबरोबर तू जा. कुणीतरी मराठीत बोलायला पाहिजे त्यांच्याशी. मराठी प्रार्थनेचं पुस्तक माझ्या कपाटात आहे."

"किल्ली?"

"माझ्या पर्समध्ये. इथे."

मग मी मराठी प्रार्थना फोनवर शोधून ठेवली. फादर गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून दोनदा वाचून काढली. दोन्ही बाजूंना वाळू, एसी पूर्ण वाढवलेला. मी फादरांना विचारलं, "मी हे म्हटलेलं चालतं का? मी तर..."

"त्यांना दुसरं कोण आहे?" फादर म्हणाले.

आयसीयूच्या दारातच नर्सने फोन काढून घेतला. आत फोन न्यायला परवानगी नव्हती. आम्ही आत गेलो. साळवेकाका नळ्यांमध्ये अगदी लहान दिसत होते. फादरांनी त्यांच्या कपाळाला तेल लावलं, हात हातात घेतला आणि इंग्रजीत प्रार्थना केली. काकांची पापणीही हलली नाही. मग फादर माझ्याकडे वळले. "आता तू. त्यांच्या भाषेत."

माझं डोकं कोरं झालं होतं. गाडीत दोनदा वाचलेल्यातला एक शब्द आठवेना. काहीतरी तर म्हणायला हवं होतं. मला मराठीत न अडखळता म्हणता येईल अशी एकच प्रार्थना होती, शाळेत रोज सकाळी ओळीत उभं राहून म्हणायचो ती. सगळ्या जगाचं भलं होवो, वाईटाचं वाईटपण जावो, असं मागणारी. मी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केली. शेवटपर्यंत गेले. फादर मोठ्याने म्हणाले, "आमेन."

आणि कॉटवरून खर्जातला आवाज आला, "मधली ओळ खाल्ली, बाई."

मी डोळे उघडले. साळवेकाका माझ्याकडे बघत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण नजर स्वच्छ. नर्स मॉनिटरकडे धावली.

फादरांनी मला विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणतात, मी एक ओळ गाळली."

"मग पुन्हा म्हण," फादर म्हणाले. "नीट."

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्या ओळीपाशी काकांनी बोट वर केलं, मी थांबले, ती ओळ त्यांनी स्वतः म्हटली. तुटक, एकेक शब्द, झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींसारखी. मग मान हलवून मला पुढे जायची खूण केली. मला रडू येत होतं, पण ते तपासत होते म्हणून मी नीट म्हणत राहिले.

तीन आठवड्यांनी त्यांना हॉस्पिटलातून सोडलं. गावी पाठवायची सोय होईपर्यंत त्यांच्या खोलीवर पोचवायला फादर आणि मीच गेलो होतो. काका काठी टेकत आले, फादरांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावून घेतला. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मान थोडी मागे वळवून त्यांनी मला विचारलं, "बाई, पाठ झाली का ती ओळ?"

मी मागच्या सीटवरून म्हणून दाखवली.

साळवेकाकांनी मान डोलावली आणि पुन्हा समोर बघायला लागले. सिग्नल हिरवा झाला. फादर गाडी पुढे काढत म्हणाले, "आमेन."